मोकळे तांबे

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात डाळिंबाची छाटणी उरकली की बागेच्या कडेला प्लास्टिकची पिंपे मांडली जातात. एकात मोरचुदाचे निळेभोर खडे पाण्यात विरघळत असतात, दुसऱ्यात कळीचा चुना विझवून गाळून ठेवलेला असतो. दोन्ही द्रावणे एकत्र आली की आकाशी रंगाचे बोर्डो मिश्रण तयार होते. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी, हे प्रमाण बागायतदारांना तोंडपाठ असते. तरीही फवारणीआधी जाणता माणूस त्यात लोखंडी विळा नाहीतर खिळा बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मिश्रणात तांबे अजून मोकळे आहे, आणि असे मिश्रण फवारले तर कोवळी पालवी करपेल, हे त्याला कळते. मग तो आणखी चुन्याची निवळी घालतो आणि विळा पुन्हा बुडवतो.

मोरचुदाच्या विषबाधेचे निम्मे शास्त्र या विळ्याच्या परीक्षेत आहे. चुन्याने बांधलेले तांबे पानावर बसून राहते आणि बुरशीला आवरते. तेच तांबे मोकळे असले की समोर येईल त्याच्याशी झोंबते, मग ते लोखंड असो, डाळिंबाचे पान असो की माणसाच्या जठराचे अस्तर. पोटात मोरचूद गेलेला रुग्ण रुग्णालयात येतो तेव्हा डॉक्टरांपुढचे कामही असेच असते: मोकळे तांबे जितके बाहेर काढता येईल तितके काढायचे, उरलेले बांधायचे, आणि ते होईपर्यंत रक्त, मूत्रपिंडे व यकृत सांभाळायची. यातले शेवटचे काम सर्वांत मोठे आणि सर्वांत लांबणारे.

जड धातूंची तीव्र विषबाधा म्हटले की आर्सेनिक, पारा, शिसे ही नावे आधी डोळ्यांपुढे येतात. सोलापूर जिल्ह्यात मात्र या विषयाची सुरुवात मोरचुदापासूनच करायला हवी, कारण हा धातू इथल्या शेतघरात वर्षभर मुक्कामाला असतो. सोलापूरजवळ केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि 2016 मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. या वैभवाला तेल्या रोगाने वेळोवेळी हादरे दिले. तेल्याशी आणि बुरशीजन्य रोगांशी झुंजताना बोर्डो मिश्रणाची फवारणी आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावणे ही नित्याची कामे झाली. द्राक्षबागांतही तेच. फ्रान्समधील बोर्डो शहराच्या परिसरात मिलार्डे या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1885 मध्ये द्राक्षवेलींसाठी जाहीर केलेला हा उपाय सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही टिकून आहे. त्यामुळे मोरचुदाची पिशवी घरात आणताना कोणाच्याही मनात विषाची धास्ती नसते. कीटकनाशकाच्या बाटलीवर निदान धोक्याचा रंगीत त्रिकोण तरी असतो. मोरचूद मात्र पुष्कळदा सुटा, कागदाच्या पुडीत येतो आणि चुन्याच्या डब्याशेजारी जाऊन बसतो.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या निळ्या खड्यात वजनाने चौथा हिस्सा तांबे असते. प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात जेमतेम 100 मिलिग्रॅमच्या आसपास तांबे असते आणि रोजची गरज एक-दोन मिलिग्रॅमची. एक ग्रॅम मोरचुदात सुमारे 250 मिलिग्रॅम, म्हणजे अख्ख्या शरीरातल्या साठ्याच्या अडीचपट तांबे असते. शरीराला तांबे हवे असते, पण ते त्याला कधीही मोकळे सोडत नाही. यकृतात ते प्रथिनांत गुंडाळून ठेवलेले असते. रक्तातले बहुतेक तांबे सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनाच्या आत बसून फिरते. पोटात एकदम मोरचूद गेला की ही सगळी व्यवस्था अपुरी पडते.

तो पोटात जातो कसा? लहान मुले त्या रंगाला भुलतात. मोरचुदाचा खडा खडीसाखरेसारखा दिसतो, फक्त निळा, आणि दोन-तीन वर्षांच्या पोराला तो तोंडात घालायला एवढे पुरते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले द्रावण चुकून प्यायले जाते. मोठ्या माणसांत मात्र बहुतेक वेळा तो जाणूनबुजून घेतलेला असतो, कर्जाच्या, भांडणाच्या, एकटेपणाच्या एखाद्या असह्य क्षणी. ही गोष्ट आडपडद्याने बोलून उपयोग नाही. घरच्यांनी ती लपवली तर उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागेल.

पोटात गेल्यावर काही मिनिटांत तोंडाला धातूची चव येते, छातीच्या मागे आणि पोटात आग पडते, आणि उलट्या सुरू होतात. उलटीचा रंग निळसर हिरवा. मोरचूद इतका खात्रीने उलटी घडवतो की एकेकाळी डॉक्टर तो वांतीकारक औषध म्हणून देत असत. हे औषधच जिवावर बेतते हे ध्यानात आल्यावर ती पद्धत बंद झाली. घेतलेल्या विषाचा मोठा भाग उलटीवाटे बाहेर पडतो म्हणूनच पुष्कळ रुग्ण वाचतात. पण रुग्णाला आणि घरच्यांना सर्वाधिक फसवते तीही हीच उलटी. ‘सगळे पडून गेले, आता बरे वाटतेय’ असे म्हणून घरीच थांबलेला माणूस दुसऱ्या दिवशी काळपट लघवी आणि पिवळे डोळे घेऊन येतो.

म्हणून घरी काय करायचे त्याआधी काय करायचे नाही ते पाहू. मिठाचे पाणी पाजून आणखी उलट्या काढायच्या नाहीत. मोरचूद दाहक आहे. तो वर येताना अन्ननलिकेला पुन्हा भाजतो, आणि भरपूर मीठ पोटात गेले तर रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या वाढते. घशात बोटे घालायची नाहीत. लिंबू, ताक, चिंचेचे पाणी असले आंबट काही द्यायचे नाही. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत दूध आणि अंड्याचा पांढरा बलक देण्याची शिफारस असे, कारण त्यांतील प्रथिने तांब्याला धरून ठेवतात. विचार चुकीचा नव्हता. पण सतत उलट्या होत असलेल्या किंवा गुंगी आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतले तर ते श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते, आणि दूध शोधण्यात गेलेली वीस मिनिटे परत मिळत नाहीत. तोंडातले खडे बोटाने काढावेत, चूळ भरायला लावावी, अंगावर सांडले असेल तर कपडे काढून त्वचा धुवावी, डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. गुंगी असेल तर डाव्या कुशीवर निजवावे. मग 108 ला फोन करावा आणि निघावे.

निघताना ती पिशवी, बाटली किंवा डबा बरोबर घ्यावा. शेतघरात मोरचुदाच्या शेजारी इतर औषधेही असतात, आणि निळ्या-हिरव्या उलटीमागे दरवेळी मोरचूदच असतो असे नाही. बोरिक पावडर पोटात गेली तरी उलटीला असा रंग येऊ शकतो, आणि काही विषारी औषधांत ओळखीसाठी रंग मिसळलेला असतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक आणि मोरचूद यांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. रिकामा डबा पाहून डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. शंका असेल तेव्हा उलटीच्या थोड्या नमुन्यात अमोनियाचे द्रावण घालून पाहता येते. तांबे असेल तर रंग एकदम गडद निळा होतो. साध्या रंगाने तसे होत नाही.

सांगोल्याहून सोलापूर सुमारे 80 किलोमीटर. वाटेतले ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय टाळून थेट शहर गाठण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. सलाईन सुरू करणे, श्वासमार्ग सुरक्षित आहे ना ते बघणे, रक्तदाब सावरणे ही कामे जवळच्या रुग्णालयात होतात. त्यानंतरचा प्रवास कमी धोक्याचा ठरतो. तिथल्या डॉक्टरांना सल्ला लागला तर दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोनवर असते, 1800 116 117. हा क्रमांक सामान्य माणसालाही खुला आहे.

सोलापुरात असा रुग्ण बहुधा ‘सिव्हिल’ला येतो. कागदोपत्री नाव छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते 1963 मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. विषबाधेच्या रुग्णासाठी अपघात विभागात पहिली धावपळ विषाच्या उताऱ्यासाठी नसते. घसा सुजून श्वास अडतोय का हे आधी पाहतात. दोन्ही हातांत जाड सुया लावून सलाईन जोरात सुरू होते. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी संपलेले असते, शिवाय जठराच्या भाजलेल्या अस्तरातून रक्तही जात असते. पहिल्या काही तासांत दगावणारा रुग्ण बहुधा या कोसळलेल्या रक्तदाबाने दगावतो. त्याच वेळी हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्यांसाठी रक्त पाठवतात, आणि रक्तगट जुळवून ठेवतात, कारण रक्ताची गरज उद्या पडणार असते. रक्तातील तांब्याचे प्रमाण मोजता येते, पण तो अहवाल यायला वेळ लागतो आणि त्याची वाट पाहत उपचार थांबवत नाहीत.

नाकातून नळी घालून पोट धुवायचे का, हा वादाचा प्रश्न आहे. दाहक पदार्थाने कमकुवत झालेल्या जठराला नळीने भोक पडू शकते, आणि जोराची उलटी होऊन गेलेली असेल तर धुवायला फारसे उरलेलेही नसते. रुग्ण अगदी लवकर आला असेल, उलटी झालेली नसेल, तरच आणि फार सांभाळून पोट धुतात. एकेकाळी त्या पाण्यात पोटॅशियम फेरोसायनाइड मिसळत, म्हणजे तांब्याचा न विरघळणारा तपकिरी साका तयार होई. पुन्हा तेच तत्त्व, मोकळ्याला बांधण्याचे. इतर अनेक विषांवर दिला जाणारा कोळसा धातूंना फारसा धरत नाही, शिवाय दुर्बिणीने जठर पाहायचे असेल तर तो दृश्य झाकून टाकतो. दुर्बीण पहिल्या चोवीस तासांतच घालावी, कारण नंतर भाजलेले अस्तर अधिक नाजूक होते.

इथपर्यंत सगळे सुरळीत पार पडले की नातेवाईक सुटकेचा श्वास घेतात. उलट्या थांबलेल्या असतात, रुग्ण बोलू लागलेला असतो. पण खरी राखण आता सुरू होते. जठरातून आत शिरलेले तांबे तांबड्या रक्तपेशींमध्ये घुसते. रक्तपेशीला टिकवून धरणारे ग्लुटाथायोन ते संपवते, आणि तिला झीज भरून काढण्याचे बळ देणारे जी-6-पी-डी हे विकरही निकामी करते. पेशी आतून गंजते. हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप बदलते, त्याचे मेटहिमोग्लोबिन होते, आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मग पेशी फुटतात. हे साधारण पहिल्या दिवसाअखेर ते तिसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्यातच यकृताने सुरुवातीला साठवलेले तांबे, यकृतपेशी मेल्या की, पुन्हा रक्तात सुटते आणि रक्तपेशी फुटण्याचा दुसरा घाला पडतो.

मेटहिमोग्लोबिन वाढलेला रुग्ण निळसर-करडा दिसतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 85 च्या आसपास अडून बसतो आणि प्राणवायूचा मास्क लावला तरी आकडा हलत नाही. सुईतून काढलेले रक्त चॉकलेटी असते. पांढऱ्या टिपकागदावर थेंब टाकून पाहण्याची एक साधी परीक्षा आहे: नेहमीचे रक्त हवा लागून लाल होते, हे तपकिरीच राहते. मोठी यंत्रे नसलेल्या रुग्णालयातही ती करता येते, आणि निदान पक्के व्हायला तिची मोठी मदत होते.

यावरचे औषध म्हणजे मेथिलीन ब्लू, शिरेतून सावकाश, वजनाच्या दर किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम. 1876 मध्ये जर्मनीत कापड रंगवण्यासाठी तयार झालेला हा रंग आज अतिदक्षता विभागात जीव वाचवतो. चादरी-टॉवेलांच्या सोलापुरात रंगाच्या डब्यांची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. तरी तपकिरी पडलेल्या रक्तावर निळा रंग टोचताना पाहून नातेवाईक घाबरतात, आणि दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झाली की आणखी घाबरतात. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले तर बरे. मात्र या औषधाला काम करायला रक्तपेशीतले जी-6-पी-डी लागते. ज्यांच्यात ते जन्मतःच कमी असते त्यांना मेथिलीन ब्लू दिले तर उलट रक्तपेशी अधिक फुटतात. तांब्यानेही तेच विकर मारलेले असल्याने मोरचुदाच्या काही रुग्णांत औषधाचा गुण कमी येतो. तेव्हा शिरेतून जीवनसत्त्व क देतात, आणि अगदीच हाताबाहेर गेले तर रुग्णाचे रक्त काढून दुसरे भरतात.

फुटलेल्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन मूत्रपिंडांच्या बारीक नलिकांत अडकते. लघवी कोलासारखी काळपट होते, मग कमी होत जाते, मग थांबते. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. के. एस. चुघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये मोरचुदाच्या विषबाधेचे 29 रुग्ण प्रसिद्ध केले होते. त्यांतील 11 जणांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि त्यामागचे मुख्य कारण रक्तपेशींचे फुटणे हेच दिसले. म्हणून दर तासाची लघवी मोजून लिहिणारी परिचारिका इथे कुठल्याही औषधाइतकी महत्त्वाची आहे. प्रौढाची लघवी दर किलोमागे ताशी अर्धा मिलिलिटरच्या खाली गेली की सावध व्हायचे. डायलिसिसने तांबे फारसे निघत नाही, पण मूत्रपिंडे काम करीनाशी झाली असताना ते माणसाला दिवस मिळवून देते. मूत्रपिंडे बहुतेकांची पुन्हा सुरू होतात. त्याला आठवडे लागू शकतात, आणि तेवढे आठवडे खाट आणि डायलिसिस उपलब्ध राहणे हाच उपचाराचा कणा.

आता विषाच्या उताऱ्याबद्दल. धातूला शरीरातून पकडून नेणाऱ्या औषधांची कथा दुसऱ्या महायुद्धात सुरू होते. लेविसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा शोधताना ऑक्सफर्डला रुडॉल्फ पीटर्स, लॉइड स्टॉकन आणि रॉबर्ट थॉम्पसन यांनी डायमरकॅप्रॉल तयार केले. आर्सेनिक प्रथिनांमधील गंधकाला चिकटते हे त्यांना माहीत होते. म्हणून दोन गंधकांचे हात असलेला एक लहान रेणू त्यांनी पुढे केला, जेणेकरून विषाने प्रथिनाला सोडून त्याला धरावे. हे औषध शेंगदाण्याच्या तेलात असते आणि स्नायूत खोल टोचावे लागते. टोचताना खूप दुखते, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला देता येत नाही. आर्सेनिक, पारा आणि तांबे यांच्या गंभीर विषबाधेत त्याचा उपयोग होतो.

तांब्यासाठी अधिक वापरात आले ते पेनिसिलामाइन. पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णाच्या लघवीत सापडलेल्या या पदार्थाची रचना पाहून इंग्लंडचे जॉन वॉल्श यांना वाटले की हा तांब्याला धरील. आधी त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला आणि 1956 मध्ये, तांबे साठण्याच्या विल्सन आजारावरील औषध म्हणून, तो जगापुढे ठेवला. मोरचुदाच्या विषबाधेत हे औषध तोंडावाटे देतात. पण इथे एक अडचण आहे. सतत ओकणाऱ्या माणसाच्या पोटात कॅप्सूल राहत नाही. ती राहू लागेपर्यंत तांबे रक्तपेशींत शिरलेले असते. आणि औषधाने बांधलेले तांबे लघवीवाटे बाहेर पडायचे असते, ती लघवीच बंद असेल तर? म्हणून धातू पकडणारी औषधे मोरचुदाच्या रुग्णाला जरूर द्यावीत, पण ती मिळाली नाहीत म्हणून हात टेकू नयेत आणि मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा रुग्णाला वाचवतात ते मुख्यतः सलाईन, वेळेवर दिलेले रक्त, मेथिलीन ब्लू आणि डायलिसिस.

पेनिसिलामाइनचा महाराष्ट्रातला एक मोठा अध्याय मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्याकडे वर्षा-दोन वर्षांची बाळे यकृत कडक होऊन दगावत. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असे त्या आजाराचे नाव पडले होते, जणू तो भारतीय रक्तातलाच होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या बाळांच्या यकृतात तांब्याचे प्रचंड साठे पाहिले आणि घराघरातल्या भांड्यांची चौकशी केली. धागा पितळी भांड्यांपाशी पोचला. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात तापवलेले, साठवलेले वरचे दूध या बाळांना अगदी लवकर सुरू झालेले होते. साधे पाणी पितळेतून फार तांबे घेत नाही, दूध मात्र घेते, कारण त्यातील केसीन तांब्याला धरून ठेवते. विषबाधेत पोटातले तांबे धरायला जुनी पुस्तके दूध का सुचवत, त्याचे उत्तर इथे सापडते, आणि त्याच गुणाने बाळांच्या पोटात थेंबाथेंबाने तांबे कसे गेले हेही कळते. 1983 मध्ये ‘लॅन्सेट’मधून हा विचार मांडला गेला. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील चाचण्यांत, आजार फार पुढे जाण्याआधी पेनिसिलामाइन मिळालेली काही बाळे वाचली, ज्यांना पूर्वी वाचण्याची आशाच नव्हती. त्याहून मोठे काम झाले ते स्टीलच्या पातेल्याने. बाळाचे दूध पितळेत तापवू नका हा सल्ला घरोघर पोचला आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला.

इतर धातूंचा इथे धावता उल्लेख पुरे. शेंदूर खाऊ घालून गवयाचा आवाज घालवल्याच्या कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आवाजाचे काहीही असो, अस्सल शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे आणि देवघरातली त्याची पुडी मुलांच्या हाताला लागता कामा नये. शिशावर वेगळी औषधे आहेत, ईडीटीए आणि सक्सिमर. थॅलियमची गोष्ट तर फारच अवघड. 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यातल्या महागाव येथे एकाच कुटुंबातील पाच जण काही आठवड्यांत दगावले, आणि पोलीस तपासात अन्नपाण्यातून थॅलियमसारखा जड धातू दिल्याचे समोर आले. हातापायांना मुंग्या, आग, मग केस गळणे, अशी त्याची चाल संथ असते, त्यामुळे सुरुवातीला डॉक्टर दुसऱ्याच आजाराचा विचार करतात. त्याचा उतारा आहे प्रशियन ब्लू, अठराव्या शतकारंभी बर्लिनमध्ये तयार झालेला चित्रकारांचा निळा रंग. तो आतड्यात थॅलियमला धरून शौचावाटे नेतो. पण तो सुचायला आधी थॅलियमची शंका यावी लागते. मोरचुदात हा प्रश्न नाही. त्याचा रंगच साक्ष देतो, फक्त कोणीतरी खरे सांगितले पाहिजे.

आणि खरे सांगण्याआड येते ती पोलिसांची भीती. विषबाधेचा रुग्ण आला की रुग्णालय पोलिसांना कळवते, हे खरे. पण उपचार त्यासाठी थांबवता येत नाहीत. 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणे हे पहिले काम, कागदपत्रे नंतर, असे प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक केले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे 115 वे कलम सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे मानावे आणि त्याला शिक्षा करू नये, उलट सरकारने त्याची काळजी घ्यावी. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने 309 कलम उरलेलेच नाही. तेव्हा ‘चुकून मळमळले’, ‘काहीतरी खाण्यात आले’ असे म्हणून वेळ काढणाऱ्या नातेवाइकांना वाचकांपैकी कोणी भेटले तर एवढे जरूर सांगावे: किती वाजता घेतले, काय घेतले आणि किती उलट्या झाल्या, हे डॉक्टरांना सरळ सांगा, त्यात तुमच्या माणसाचे काहीही वाकडे होणार नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी रक्तपेशी फुटणे थांबते, कावीळ उतरू लागते, लघवी स्वच्छ होते. घरी सोडताना दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्ही गर्दीत निसटतात. पहिली, भाजलेली अन्ननलिका किंवा जठराचे तोंड भरून येताना आकसू शकते. तीन-चार आठवड्यांनी घास अडकू लागला, भाकरी उतरेना, खाल्ल्यानंतर उलटी होऊ लागली तर ताबडतोब परत यावे, दुर्बिणीतून फुगा घालून ती जागा रुंद करता येते. क्रिएटिनिनची तपासणीही काही महिने ठरलेल्या दिवशी करावी. दुसरी, ज्याने मोरचूद जाणूनबुजून घेतला होता त्याची भेट मानसोपचारतज्ज्ञांशी घरी जाण्याआधीच, त्याच वॉर्डात व्हावी. बाह्यरुग्ण विभागाची चिठ्ठी हातात देऊन सोडलेले लोक पुष्कळदा परत येत नाहीत. सांगोल्याच्या वस्तीवरून पुन्हा 80 किलोमीटर येण्यात मजुरी बुडते. त्यांच्यासाठी टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा आहे, 14416, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. आणि शेतघरातला मोरचूद त्या काही महिन्यांपुरता तरी शेजाऱ्याकडे किंवा कृषी सेवा केंद्रातच राहू द्यावा, फवारणीच्या दिवशी लागेल तेवढाच आणावा.